बोझेनाकाकूंचा फोन

टेक्सासमधल्या अर्विंगच्या मराठी मंडळात चंद्रशेखर साळोखेची ओळख करून देताना कुणी ना कुणी हटकून म्हणायचं, "हा आपला शेखर. याला स्लोव्हाक येतं बरं का." समोरचा तोंडात बोट घालायचा आणि शेखर कानकोंडा व्हायचा. मग सांगत बसायचा की तसं काही नाही हो, मला फक्त यंत्रांचं स्लोव्हाक येतं. बेअरिंगला लोझिस्को म्हणतात, फ्लायव्हीलला झोत्रवाच्निक म्हणतात, असे तीन-चारशे शब्द. पण त्या देशात उतरून कुणाकडे प्यायला पाणी मागायची वेळ आली तर बोंबच. लोक हसायचे आणि पुढचा कुणी भेटला की पुन्हा तेच सांगायचे.

माणूस इचलकरंजीचा. वडील फाउंड्रीत फिटर होते. शेखर पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर झाला, इथे येऊन मास्टर्स केलं आणि पत्र्याचे भाग ठोकून काढणारे अवजड प्रेस बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला. डिझाइनमध्ये जागा नव्हती, म्हणून मॅन्युअलं तयार करणाऱ्या विभागात घेतलं. तात्पुरतं म्हणाले. त्या तात्पुरत्याला पाच वर्षं झाली. कंपनीचे प्रेस स्लोव्हाकियातल्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जायचे, आणि तिकडचा कायदा असा की यंत्र ज्या कामगाराच्या हाताखाली जाणार त्याच्या भाषेत पुस्तक हवंच. हे पुस्तक वेळेवर आणि बिनचूक बाहेर काढणं, हे शेखरचं काम.

भाषांतर करायच्या बोझेना ह्रुश्कोव्हा. वय एकाहत्तर. तिकडे एका यंत्रांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नकाशे काढले, कारखाना बंद पडला, नवरा गेला, मग मुलाच्या मागे टेक्सासला आल्या. मॅकआर्थर बुलेव्हार्डजवळच्या एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शेखरची बायको नेत्रा पहिल्याच भेटीत त्यांना काकू म्हणाली, तो शब्द त्यांना आवडला, आणि तेव्हापासून त्या बोझेनाकाकू झाल्या. बोलणं सगळं इंग्रजीत, पण ते मराठीत सांगायचं तर त्यांचं ‘तू’ आणि याचं ‘तुम्ही’च सांगावं लागेल, इतकं ते घरचं होतं.

काकूंचा एक नियम होता. नवीन यंत्राचं मॅन्युअल हातात घ्यायच्या आधी त्या स्वतः कारखान्यात यायच्या. डोक्यावर उसनं हेल्मेट, डोळ्यांवर मोठा चष्मा, आणि एकेका भागाला हात लावत फिरायच्या. हात लावल्याशिवाय शब्द देणार नाही, म्हणायच्या. त्यांच्या आधीच्या कुठल्याशा स्वस्तातल्या एजन्सीने शाफ्टमध्ये बसवायच्या ‘की’ला, म्हणजे लोखंडी पाचरीला, चक्क कुलपाची किल्ली करून टाकलं होतं, तिकडच्या बिचाऱ्या फिटरने ती किल्ली शोधण्यात म्हणे अर्धी पाळी घालवली. हे सांगताना काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. शेखरही सांगायचा, आमच्या मराठी पुस्तकात फ्लायव्हीलला जडचक्र म्हणतात, पण वडिलांना मी जडचक्र म्हटलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं. काकूंना हे फार पटायचं. पुस्तक पंडितासाठी लिहायचं नाही, ज्याचे हात तेलकट आहेत त्याच्यासाठी लिहायचं, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक खोड होती. जिथे जिवाचा प्रश्न, तिथला आकडा त्या नेहमी अक्षरांत लिहायच्या. त्यांच्या जुन्या कारखान्यात एका सूचनेची झेरॉक्स पुसट निघाली, साताचा एक वाचला गेला आणि एका माणसाचे डोळे गेले. तेव्हापासून. शाई फुटली तरी अक्षरातला सात काही एक होत नाही, इतकं साधं कारण. शेखरला ते आवडलं होतं. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, तरी त्याने चालवून घेतलं.

आता घोळ कुठे झाला तो नीट समजून घ्या. कंपनीच्या सॉफ्टवेअरला जुन्या मॅन्युअलांमधली सगळी वाक्यं पाठ असतात. नवीन मॅन्युअल त्यात घातलं की आधी येऊन गेलेली वाक्यं ते स्वतःच भरतं आणि त्यांना कुलूप लावतं. वाक्य तेच आणि फक्त आकडा वेगळा असेल तर आकडाही बदलून टाकतं. कुलूप लागलेली वाक्यं भाषांतरकाराला दिसतच नाहीत, तेवढंच काम वाचतं. पण जुन्या भाषांतरात आकडा अक्षरात लिहिलेला असेल तर सॉफ्टवेअरला तो आकडा आहे हेच कळत नाही. ते जुनंच वाक्य उचलून ठेवतं आणि सगळं ठीक आहे म्हणून हिरवी खूण करतं.

नवीन मॉडेल आलं. त्याचं फ्लायव्हील, म्हणजे आतलं मोठं फिरतं चाक, जुन्यापेक्षा कितीतरी जड. जुन्या प्रेसमध्ये वीज बंद केल्यावर ते चाक थांबायला दोन मिनिटं लागायची, नव्यात सहा. इंग्रजी मॅन्युअलात दोनाचे सहा झाले.

एका बुधवारी सकाळी शेखर इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसला होता, पीठ आणि कोथिंबीर घेऊन. काकूंचा फोन आला. त्या त्यांच्या घरच्या जुन्या फोनवरून बोलायच्या, मोबाइलचा त्यांना तिटकारा.

"शेखर, त्या नवीन प्रेसचं चाक जड आहे. मी हात लावून बघितलंय. जुनी वाक्यं तशीच चालणार नाहीत. कुलूपबंद पानंपण मला पाठव. सुरक्षेचे आकडे मी अक्षरांत लिहिलेत, तुझ्या सॉफ्टवेअरला ते दिसायचे नाहीत. त्याचे पैसे नकोत मला. नुसतं वाचते."

"हो काकू, आज पाठवतो," शेखर म्हणाला.

विसरला असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. तो विसरला नाही. ऑफिसात गेल्यावर त्याने ती फाइल उघडलीसुद्धा. पण कुलूप काढायचं तर मॅनेजरची परवानगी, त्याचा फॉर्म, वर दोन दिवस. शुक्रवारी मॅन्युअल बाहेर पडायचंच होतं. गेल्या वेळी उशीर झाला तेव्हा मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं, आणि ग्रीन कार्डची फाइल त्याच मॅनेजरच्या सहीसाठी अडकलेली होती. काकू जरा अतीच करतात, असं शेखरने स्वतःला समजावलं. हिरव्या खुणा होत्या. त्याने मंजुरीचं बटण दाबलं. गुरुवारी काकूंनी विचारलं नाही, कारण त्याने पानं पाठवली नाहीत याचा अर्थ त्यांनी असा घेतला की त्याने स्वतः तपासली असणार. भरवसा असा असतो.

चार महिन्यांनी स्लोव्हाकियातल्या एका कारखान्यात मातूश नावाचा सव्वीस वर्षांचा मेन्टेनन्सचा मुलगा त्या प्रेसचा पट्टा बदलायला गेला. पुस्तक समोर उघडून ठेवलेलं. त्याने मुख्य स्विच बंद केला, घड्याळात बघून दोन मिनिटं मोजली, नट सोडवून झाकण काढलं आणि हात आत घातला. चाक फिरत होतं. उजवा हात कोपरापासून गेला. त्याने काहीही चुकीचं केलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं तसंच, शब्दाला शब्द धरून केलं होतं.

बातमी कळली तेव्हा शेखर मीटिंगमधून अर्ध्यातच उठला. मग जागेवर येऊन त्याने ते पान उघडलं. ‘द्व्ये मिनूती’. दोन मिनिटं. अक्षरांत.

घरी येऊन त्याने नेत्राला सगळं सांगितलं. फोनसकट. नेत्राने लेकीच्या, अनिकाच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"तू ऑफिसमध्ये काही बोललायस?"

"नाही अजून."

"मग बोलू नकोस. प्लीज, शेखर. जॉब गेला तर या देशात राहायला फक्त साठ दिवस. साठ दिवसांत दुसरं कोण स्पॉन्सर करणार आहे आपल्याला? माझा व्हिसा पण तुझ्यावरच आहे. परत गेलो तर अनिकाचं काय, तिला मराठी वाचता तरी येतं का? आणि तो हात परत येणार आहे का बोलून?"

"काकूंवर येईल ते."

"काकूंचं काय जाणार आहे? त्यांना सिटिझनशिप आहे, मुलगा चांगला कमावतो. काम बंद होईल, एवढंच ना?"

नेत्रा दुष्ट बाई नव्हे. ती घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस अगदी मुद्देसूद बोलतं. शेखरला ते सगळं पटलं. खरं तर त्याला कुणीतरी पटवून द्यायलाच हवं होतं.

आठवड्याने कंपनीच्या वकिलाने व्हिडिओ कॉलवर विचारलं की हे वाक्य कुणाचं. मिसेस ह्रुश्कोव्हांचं, शेखर म्हणाला. आकडा अक्षरांत लिहायचा असा कंपनीचा नियम आहे का? नाही, त्यांची सवय. नवीन मॅन्युअलसाठी हे पान त्यांनी पुन्हा तपासलं होतं का? इथे शेखरने कॅमेऱ्यावरून नजर काढली. मग म्हणाला, येस. सॉफ्टवेअरचा लॉग काढला असता तर कुलूप कुणाच्या लॉगिनवरून मंजूर झालं ते एका ओळीत दिसलं असतं. पण लॉग काढून देण्याचं काम शेखरचंच, आणि त्याच्याकडे कुणी मागितला नाही.

काकूंना कंपनीचं पत्र गेलं. करार संपला, पुढील काम नाही, कारण अमुक पानावरील गंभीर चूक. शेखरला त्यांनी घरी बोलावलं. तो गेला. न जाऊन कसं चाललं असतं? टेबलावर ते पान होतं, छापून काढलेलं, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. चहा केला होता, पण दोघांनीही प्यायला नाही.

"हे वाक्य माझं आहे?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. तुमचंच आहे."

"पण मी तुला फोन केला होता ना? बुधवारी? कुलूपबंद पानं पाठव म्हणून?"

शेखर त्या पानाकडे बघत राहिला. काकू वाट बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता, नुसती शंका होती. तेवढ्यात तो सांगून टाकू शकला असता. समोर कुणी वकील नव्हता, मॅनेजर नव्हता. एक म्हातारी बाई तेवढी होती.

"नाही काकू," तो म्हणाला. "मला तरी तसा फोन आठवत नाही."

काकूंनी सावकाश मान हलवली. "मग मला वाटलं असेल. करायचा असं ठरवलं असेल मी, आणि राहून गेलं असेल."

झालं. माणसाचं काम काढून घेतलं तर तो चिडतो, रडतो, दुसरं काहीतरी शोधतो. शेखरने त्या बाईचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला फोन. काकूंनी इतक्या वर्षांची सगळी भाषांतरं बाहेर काढली होती आणि त्यात चुका शोधत होत्या. "शेखर, पहिल्या प्रेसच्या मॅन्युअलात मी तेल बदलायची मुदत बरोबर लिहिली होती का बघ." बरोबर असायची. "मोटर फिरायची दिशा?" बरोबर. "तू नीट बघितलंस ना?" बघितलं काकू. एकही चूक सापडत नव्हती आणि त्यामुळे त्यांना बरं वाटत नव्हतं, उलट वाटायचं की आता आपल्याला चूकही दिसेनाशी झाली आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला त्या तीन-तीनदा स्वयंपाकघरात जाऊ लागल्या. मग गॅस पेटवायच्याच बंद झाल्या. अनिकाच्या आठव्या वाढदिवसाला आल्या नाहीत. "व्हाय इज बोझेनाकाकू नॉट कमिंग?" अनिकाने विचारलं. बरं नाहीये त्यांना, नेत्रा म्हणाली आणि केक कापायला लागली.

त्यानंतर मिलोशचा फोन आला. मिलोश म्हणजे काकूंचा मुलगा, प्लेनोत असतो, सरळ माणूस.

"आईला मेमरीच्या डॉक्टरकडे नेतोय," तो म्हणाला. "ती एका फोनबद्दल पुन्हा पुन्हा बोलते. कधी म्हणते केला होता, कधी म्हणते नव्हता. डॉक्टरांना जाणून घ्यायचंय की हे तिने मनाने रचलंय का. तू एकटाच सांगू शकतोस. खरंच आला होता का तसा फोन?"

ही दुसरी संधी. देव म्हणा, नशीब म्हणा, सहसा इतक्या उदारपणे दारात आणून ठेवत नाही. शेखर म्हणाला, "सॉरी मिलोश. मला नाही आठवत."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. औषधं सुरू झाली. त्या औषधांनी काकूंना गुंगी यायची, गुंगीत त्या एकदा जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. एकटं राहणं संपलं. डेंटनच्या बाजूला वृद्धांसाठीच्या एका जागी त्यांना ठेवलं. अपार्टमेंट रिकामं करताना मिलोशने शेखरला बोलावलं. काकूंनी हाताने लिहिलेल्या शब्दांच्या नऊ वह्या होत्या, इंग्रजी एकीकडे, स्लोव्हाक एकीकडे, मध्ये छोटी छोटी चित्रं. तुलाच उपयोग होईल, मिलोश म्हणाला. शेखरने त्या गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि आठवडाभर तिथेच राहू दिल्या.

अपघाताला सव्वा वर्ष झालं. ग्रीन कार्डच्या अर्जाचा पहिला मोठा टप्पा पार पडला. आता ही नोकरी गेली तरी दुसरीकडे जाऊन व्हिसा टिकवता येईल, असं इमिग्रेशनचा वकील म्हणाला. नेत्राने शिरा केला. आणि त्या शिऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेखरने ठरवलं की काकूंना खरं सांगायचं. धोका टळल्यावर अंगात हे असलं धैर्य येतं. तरी पण निघण्याआधी तो ऑफिसात गेला, लॉग उघडला, ती एक ओळ स्क्रीनवर बघितली. तारीख, वेळ, सी. साळोखे, मंजूर. प्रिंट काढायचं बटण तिथेच होतं. कागद झाला की तो कुणाच्याही हाती पडतो, असा विचार करून त्याने लॉग बंद केला. आपण तोंडाने सांगू, तेवढं पुरे.

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. वाळल्या होत्या. केस कुणीतरी दुसऱ्याने विंचरलेले दिसत होते. शेखरला बघून त्या हसल्या आणि अनिका कशी आहे विचारलं. शेखर समोर बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला. बुधवार, ग्रोसरीचं पार्किंग, फोन, त्या काय म्हणाल्या, तो काय म्हणाला, शुक्रवार, हिरव्या खुणा, वकील, मिलोश. बोलता बोलता तो रडायला लागला. "तुम्ही फोन केला होता, काकू. तुमचं डोकं ठिकाणावर होतं. मी खोटं बोललो. तुमची काही चूक नव्हती."

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या डोळ्यांत क्षणभर जुनी तीक्ष्ण नजर आली.

"याचा कागद आहे का काही? दाखव."

"आत्ता नाहीये, काकू."

ती नजर विझली. शेखरने ती विझताना बघितली. काकूंनी त्याचा हात हातात घेतला.

"मिलोशने सांगितलं का तुला असं बोलायला?"

"नाही हो. खरंच नाही. मी खरं सांगतोय."

"डॉक्टर म्हणतात, मला जे हवं असतं तेच मला आठवतं. म्हणून मी माझ्या आठवणीवर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. तू मला सांगितलंस, मिलोशला सांगितलंस. दोन्ही वेळा एकच."

"दोन्ही वेळा खोटं बोललो."

"तू?" काकू हसल्या. "इतक्या वर्षांत एका स्क्रूचीही चुकीची माहिती तू मला दिली नाहीस." त्यांनी त्याचे डोळे स्वतःच्या रुमालाने पुसले. "चांगला मुलगा आहेस. म्हातारीला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालास. ऑफिसात असलं काही बोलू नकोस हं, तुला लहान मुलगी आहे. आणि इथे येऊन पुन्हा हे सांगू नकोस. त्या पोराचा हात माझ्यामुळे गेला. तेवढं तरी मला नक्की आठवतं."